सिंहगडाच्या ओढ्यापासून उजनीच्या गाळापर्यंत

मित्रहो, हिवाळ्यातील पक्षिनिरीक्षणावर बोलायचे म्हणजे पक्ष्यांची लांबलचक यादी येणार, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज आपल्याला एकाच पाण्याच्या मागोमाग नेणार आहे. सिंहगडाच्या खडकवासल्याकडील उतारावरचे ओढे मुठेच्या खोऱ्यात उतरतात, मुठा पुण्यात मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते आणि भीमा उजनीला अडते. या वाटेवर पाणी किती खोल आहे आणि त्याची कड कशी आहे, एवढे पाहिले तरी तेथे कोणता पक्षी असेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

पायथ्याच्या ओढ्यावर हिवाळा पंचांगाच्या आधीच येतो. पाऊस पुरता सरलेला नसतो, तोच सप्टेंबरात करडा परीट ओल्या दगडावर येऊन उभा राहतो. पाठ करडी, बुडाकडे पिवळा रंग आणि अंगाच्या मानाने लांबलचक शेपटी. ती शेपटी क्षणभरही स्वस्थ नसते. ओढ्याचा एक तुकडा तो आपला मानतो आणि दुसरा परीट तेथे उतरला की त्याला हुसकावून लावतो. थंडी जरा स्थिरावली की हिमालयात वीण करणारा नीलांग माशीमार दिसू लागतो. निष्पर्ण फांदीच्या टोकावरून तो हवेत झेपावतो, किडा टिपतो आणि बहुधा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. म्हणून या दरीत चालत राहण्यापेक्षा एका जागी तासभर बसावे, असे मी नवख्यांना सांगतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची जी रीत अलीकडे पडली आहे, ती मला मान्य नाही. हिवाळ्यात पक्ष्याला पोट भरायचे असते, त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे पळवण्यात कसले आले निरीक्षण?

खडकवासल्यापाशी मी फार वेळ थांबत नाही. पाणी खोल, काठ बहुतेक ठिकाणी उतरता. पाणकावळे दिसतात, पण चिखलात चोच घालणाऱ्यांना तेथे फारसा वाव नाही. त्याच्या खाली, पुण्याचे सांडपाणी पोटात घेतलेली नदी लोणी काळभोरजवळ कवडीला उथळ होऊन खडकांवरून वाहते. वास सहन होत नाही, खडकांना प्लास्टिक अडकलेले असते आणि त्यातच केशरी-बदामी चक्रवाकांची जोडपी व लाल पायांचे शेकाटे असतात. एवढ्या पक्ष्यांवरून पाणी चांगले असल्याचा निष्कर्ष कोणी काढू नये. मैल्यामुळे किडे वाढतात आणि पक्षी किड्यांमागे येतात, इतकाच त्याचा अर्थ आहे.

आता उजनी. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा भिगवणच्या बाजूला उथळ पसरतो, आणि खरी गंमत या उथळपणात आहे. उजनी वजा पातळीत गेल्याची, म्हणजे उपयुक्त साठा संपल्याची, बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हाही धरणात त्याखालच्या मृतसाठ्याची ६३ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक जागा असते. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी नोव्हेंबरात भिगवणला गेलेली मंडळी पुष्कळदा निराश होऊन परततात. समोर अथांग पाणी, त्यावर वारकऱ्यांचे काळे थवे (या पाणपक्ष्याच्या कपाळावर गंधासारखा पांढरा टिळा असतो) आणि दूरवर तलवार बदके. दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की विखुरलेले वारकरी एकमेकांना चिकटून पाण्यावर एकच काळा डाग करतात, हे दृश्य मात्र पाहण्यासारखे असते.

रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) लांब पायांवर उभे राहून, उलटी चोच पाण्यात फिरवून अन्न गाळून घ्यायचे असते. त्यासाठी उथळ पाणी आणि खाली गाळ लागतो. तो उघडा पडेपर्यंत ते थांबतात, म्हणूनच चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा येतात. पाणी एकेक पाऊल मागे सरते तसे आधी चिखले आणि टिलवे, मग तुतवार असे चिखलात टिपणारे छोटे पक्षी त्या ओल्या पट्ट्यावर उतरतात. पट्टकादंब हंस दिवसा मोकळ्या काठावर विसावतात आणि चरायला शेतांत जातात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते.

म्हणून मी तारखेपेक्षा पाण्याची पातळी पाहतो. पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचे शिखर वर येऊ लागले की पाणी बरेच उतरले, असे समजायचे. तोवर पट्टकादंब बहुधा उत्तरेकडे निघालेले असतात. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालू लागतात आणि नोव्हेंबरात ज्या जागेवरून आपली होडी गेली होती, तेथे गाळपेरीचे पीक हिरवे उभे असते.