सड्यावर गुडघे टेकून बघा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? भाद्रपद लागलाय, पाऊस जरा उघडीप देतोय, आणि माझं मन काही घरात लागत नाहीये कारण सातारा जिल्ह्यातले सडे आत्ता फुललेत. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात तिथं नुसता तापलेला कातळ, माती कुठं दोन बोटं तर कुठं तेवढीपण नाही, आणि आत्ता त्याच कातळावर पाय कुठं ठेवायचा हा प्रश्न पडतो. कास पठार तुम्हाला माहितीच आहे, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या त्यात ते आहे. पण कासला गर्दी असेल तर हट्ट नको, आपल्या गावाजवळचा सडा बघा.

फक्त एक करा, फार चालू नका. आम्ही सुरुवातीला तासाभरात सगळं पठार पालथं घालायचो आणि घरी येऊन काय बघितलं विचारलं तर 'निळी फुलं, पिवळी फुलं'. एकदा एक गुराखी मामा म्हणाले, "बाई, बसा की जरा, फुलं काय पळून जातात का?" बसले, आणि मग दिसायला लागलं.

पाणी झिरपतंय तिथं जांभळी-निळी इवली फुलं असतात, सीतेची आसवं. इतकं नाजूक नाव, पण झाड किडे खाणारं! चिखलातल्या त्याच्या धाग्यांना बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला आत ओढून घेतो. शेजारीच दवबिंदू नावाचं रोपटं सापडेल. अकरा वाजले, गवतावरचं दव केव्हाच सुकलं, तरी याच्या पानावरचे थेंब तसेच चमकतायत, कारण ते दव नाहीच, चिकट सापळा आहे. मी बघितलं तेव्हा एक चिलट त्यात अडकून अजून पाय हलवत होतं. या मातीतला नत्र पावसाने धुऊन जातो ना, म्हणून या झाडांना ही सोय करावी लागते.

तेरडा तर आपल्या घरचाच, कितीतरी घरांत गौरी म्हणून तोच येतो. त्याची पिकलेली शेंग नुसतं बोट लागलं तरी फुटून बिया उडवते, मुलांना जरूर दाखवा. बाकी काही तोडू नका हं, आणि सेल्फीसाठी फुलांत तर अजिबात बसू नका, मळलेल्या वाटेवर बसूनही सगळं दिसतं, एका पावलाखाली कितीतरी रोपं जातात हो.

आणि बसल्या बसल्या समोरच्या झुडपाकडे बघत रहा. मागच्या वर्षी एक हिरवी काडी वाऱ्यावर डोलत होती, वारा थांबला तरी डोलतच राहिली. हरणटोळ साप होता, टोकदार तोंड, डोळ्यांत आडव्या बाहुल्या. आम्ही दोघंही बराच वेळ हललो नाही.