न्यायालयातला शब्द आणि माणसाची जागा

विद्यार्थी मित्रहो,

न्यायालयाच्या आवारात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला कायद्याच्या कलमांआधी शब्द अडवतात, असा माझा अनुभव आहे. शिपायाचा पुकारा ऐकू येतो. पण ज्याच्या नावाने तो झाला तो माणूस वादी आहे, फिर्यादी आहे की अर्जदार, हे उमगत नाही, आणि ते उमगले नाही तर पुढचे कामकाजही उमगत नाही. न्यायालयातला शब्द माणसाची त्या घडीची जागा सांगतो, आणि जागा बदलली की हक्कही बदलतात. आज या दृष्टीने काही शब्दांकडे पाहू.

दिवाणी आणि फौजदारी ही पहिली विभागणी तुम्हाला ठाऊक आहे. दिवाणी दाव्यात दाद मागणारा तो वादी आणि ज्याच्याविरुद्ध मागितली तो प्रतिवादी. प्रतिवादीचे लेखी म्हणणे म्हणजे कैफियत. फौजदारी खटल्यात मात्र फिर्यादी म्हणजे वादी, अशी समजूत करून घेऊ नका. पोलिसांनी तपास केलेल्या गुन्ह्याचा खटला राज्य चालवते आणि सरकारी वकील तो मांडतात. ज्याने फिर्याद दिली तो बहुतेक वेळा त्या खटल्यातला एक महत्त्वाचा साक्षीदार असतो. ‘माझी केस आहे, मी मागे घेतो,’ असे फिर्यादी म्हणतो तेव्हा त्याला हाच फरक कोणी समजावलेला नसतो.

आता मला सर्वांत अधिक काळजी वाटते त्या शब्दांकडे येतो: संशयित, आरोपी आणि दोषी. पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात त्या गुन्ह्याची, खबर नोंदवली जाते, जिला आपण सर्रास एफआयआर म्हणतो. खबर देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, हेही लक्षात ठेवा. तपासात ज्याच्यावर संशय जातो तो संशयित. ज्याच्यावर गुन्हा केल्याचा आरोप येतो तो आरोपी. त्याला अटक झाली तर अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले पाहिजे, अशी हमी संविधानाच्या 22 व्या अनुच्छेदात आहे. तपास संपल्यावर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहून ठरवते की खटला चालवण्याइतका आधार आहे का. आधार असेल तर न्यायालय दोषारोप ठेवते. नसेल तर पुरावा नोंदवण्याआधीच आरोपीला दोषमुक्त केले जाते. दोषारोपपत्र पोलिसांचे असते आणि दोषारोप न्यायालयाचा असतो, हा भेद परीक्षेपुरता न ठेवता कायमचा मनात ठेवा. साक्षीपुरावा होऊन गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला, तरच निकालात ‘दोषी’ हा शब्द येतो. अन्यथा निर्दोष मुक्तता होते. या लांबच्या वाटेवर निकालाआधी कुठेही त्या माणसाला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. गावात, घरात आणि पडद्यावर तो शब्द पहिल्याच दिवशी वापरला जातो, आणि पुढे मुक्तता झाली तरी तो त्या माणसाच्या अंगाला चिकटून राहतो. हा अन्याय आपण तोंडाने करत असतो.

जामीन या शब्दाचा अर्थही असाच बिघडला आहे. अरबीतून आलेला हा शब्द मुळात हमी घेणाऱ्या माणसाचा आहे. ‘मी त्याला जामीन राहतो’ या आपल्या बोलण्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. जामिनावर सुटका म्हणजे आरोपी तारखांना हजर राहील या हमीवर त्याला कोठडीबाहेर ठेवणे. खटला होता तिथेच राहतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही, असे पुष्कळ लोक धरून चालतात. वास्तविक तिथे निर्णय न्यायालयाच्या विवेकावर असतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे जुन्या कायद्यांच्या जागी लागू झाले. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. आपण पाहतो आहोत ते शब्द मात्र बहुतांशी तेच राहिले.

साक्षीदार हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘साक्षी’ संस्कृत, त्यात डोळ्याचा ‘अक्ष’ दडलेला, आणि ‘दार’ फारसी. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो, हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे, आणि ऐकीव गोष्टीला सामान्यतः पुरावा का मानत नाहीत हे त्यावरून लगेच समजते. साक्षीदाराला बोलावणारा पक्ष प्रथम त्याला प्रश्न विचारतो, तो सरतपास; मग विरुद्ध पक्ष विचारतो, तो उलटतपास; आणि गरज पडल्यास बोलावणारा पक्ष पुन्हा विचारतो, तो फेरतपास. सरतपासात उत्तर सुचवणारे प्रश्न सहसा विचारता येत नाहीत, उलटतपासात येतात. सिद्ध झालेल्या कागदाला क्रमांक मिळतो, ती निशाणी. दिवसभरात काय घडले याची त्रोटक नोंद रोजनाम्यात होते: ‘वादी हजर. प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज. मंजूर.’ एवढ्या चार-सहा शब्दांत कोणाचा तरी प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी असते, हे रोजनामा वाचताना विसरू नका.

दिवाणी दाव्याच्या शेवटी न्यायाधीश कारणांसह देतात तो न्यायनिर्णय, आणि त्यातून पक्षकारांचे हक्क औपचारिकपणे मांडणारा दस्त म्हणजे हुकूमनामा. माझ्याकडे एकदा एक वयस्क बाई हुकूमनामा पिशवीत घडी करून घेऊन आल्या. दावा जिंकून बराच काळ लोटला होता आणि न्यायालय आपणहून जमिनीचा ताबा देईल, म्हणून त्या वाट पाहत होत्या. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात, आणि तिलाही सामान्यतः 12 वर्षांची मुदत आहे, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. सुदैवाने मुदत शिल्लक होती. एक शब्द माहीत नसल्यामुळे जिंकलेला माणूस हरलेल्यासारखा बसून राहतो, हे मी त्या दिवशी जवळून पाहिले.

विरुद्ध निकाल लागला तर अपील असते, आणि अपिलाची गाठ ‘नक्कल’ या साध्या शब्दाशी बांधलेली आहे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील 30 दिवसांत करायचे असते. मात्र निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यासाठी लागलेला आवश्यक काळ 1963 च्या मुदत अधिनियमानुसार त्यातून वगळला जातो. नकलेवरच्या शिक्क्यात अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा लिहिलेल्या असतात. पक्षकार नक्कल घेऊन येईल तेव्हा निकाल वाचण्याआधी तो शिक्का शोधा आणि दिवस मोजा.