जास्त जेवल्यावर काट्यावर नेमकं काय चढतं?

श्रोतेहो, नमस्कार.

शनिवारी सकाळी काट्यावर ६८.२ किलो. तीन आठवडे मोजूनमापून खाणं चाललेलं, त्यामुळे आकडा मनासारखा. रात्री बाहेर जेवण झालं. भात दोनदा वाढून घेतला, सोबत तळलेले पदार्थ आणि शेवटी गोड. रविवारी सकाळी त्याच काट्यावर ६९.९. एका रात्रीत १ किलो ७०० ग्रॅम! असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. कुणी नाश्ता टाळतं, कुणी दिवसभर उपाशी राहतं. कुणाला वाटतं की तीन आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी पडलं, मग आता जपायचं तरी काय, म्हणून संध्याकाळी पुन्हा हात सैल सुटतो. या दोन्ही गोष्टींची गरज नसते. आज आपण या १७०० ग्रॅमचा हिशेब मांडू.

पहिला संशय चरबीवर जातो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त जाव्या लागतात. म्हणजे १७०० ग्रॅमसाठी १३,००० कॅलरी. आणि त्याही रोजच्या गरजेच्या वर. ज्याची दिवसाची गरज २००० कॅलरी आहे, त्याला एका रात्रीत साडेसहा दिवसांचं जेवण जादा जेवावं लागेल. ते कुणालाच शक्य नाही. भरपेट, अगदी ताव मारून जेवलेल्या माणसाच्या पोटात त्या दिवशी १२०० कॅलरी जादा गेल्या असं धरू. त्यांचं काय झालं?

त्यातला मोठा भाग चरबीकडे गेलाच नाही. भात, पाव, बटाटा, साखर यांतून मिळालेली साखर शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. तीन आठवडे कमी खाल्लेल्या माणसाची ही कोठारं अर्धीमुर्धी रिकामी असतात, त्यामुळे भरपूर पिष्टमय जेवण मिळताच ती भरायला लागतात. ग्लायकोजेन कोरडं साठत नाही. एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. म्हणून १५० ग्रॅम ग्लायकोजेन साठलं तर ४५० ग्रॅम पाणी सोबत आलं, आणि काट्यावर ६०० ग्रॅम चढले. या १५० ग्रॅममध्ये ६०० कॅलरी गेल्या. चरबीसाठी उरल्या ६००, म्हणजे जेमतेम ८० ग्रॅम चरबी.

आता मीठ. सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. पेशींच्या बाहेर, रक्तात आणि ऊतींमध्ये जे पाणी असतं, त्याचा खारटपणाही साधारण तेवढाच असतो, आणि शरीर तो बदलू देत नाही. जादा मीठ आत आलं की तहान लागते, आपण पाणी पितो, आणि मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकेपर्यंत ते पाणी आत राहतं. साडेचार ग्रॅम मीठ मुक्कामाला राहिलं तर अर्धा लिटर पाणीही राहिलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. बाहेरच्या एका जेवणात त्याहून जास्त मीठ सहज जातं. त्यात आणखी एक गोष्ट असते. पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला लावतं. म्हणून खारट आणि गोड एकाच रात्री खाल्लं की बोटातली अंगठी सकाळी घट्ट वाटते, मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटतो.

शेवटी प्रत्यक्ष अन्न. रात्री दहाला जेवलात आणि सकाळी सातला काट्यावर उभे राहिलात, तर मध्ये नऊच तास गेले. तेवढ्यात जेवण फार तर लहान आतड्याच्या शेवटाला किंवा मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचतं. तिथून बाहेर पडायला एक ते दोन दिवस लागतात. रोजच्यापेक्षा जास्त खाल्लेल्या अन्नाचे आणि त्यानं आतड्यात धरलेल्या पाण्याचे ५०० ग्रॅम धरा.

आता बेरीज करा. चरबी ८०, ग्लायकोजेन पाण्यासकट ६००, मिठाबरोबरचं पाणी ५००, आतड्यातलं ५००. झाले १६८०. उरलेले वीस ग्रॅम काट्याला दिसतच नाहीत, कारण घरातले बहुतेक काटे शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवतात. माणसामाणसात हे वाटे कमीजास्त होतील, पण चरबीचा वाटा सगळ्यात लहान राहतो. हे पटत नसेल तर आत्ताच करून बघा. काट्यावर उभे राहा, उतरा, अर्धा लिटर पाणी प्या आणि पुन्हा उभे राहा. अर्धा किलो वाढलेला दिसेल. पाण्यात एकही कॅलरी नाही.

मग हे वजन जातं कधी? रविवारपासून नेहमीचं जेवण सुरू केलं तर मीठ आणि त्याचं पाणी दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं, पोट साफ होतं, ग्लायकोजेन वापरलं जातं. बुधवार-गुरुवारपर्यंत काटा जुन्या जागी येतो. रविवारी उपाशी राहिलं तर आकडा थोडा लवकर उतरतो, हे खरं. पण रात्री जी भूक लागते ती पुढच्या अतिखाण्याला आमंत्रण देते. पाणी कमी पिण्यानं काही साधत नाही, कारण जादा मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणीच लागतं. आणि जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या मनानं कधीही घेऊ नका. त्यांनी पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबीला धक्काही लागत नाही. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

इथवर एका रात्रीचं झालं. पण ज्यांना ठरवून, रोजच जास्त खायचं आहे त्यांचं काय? डाएट संपवून कुणी १५०० कॅलरींवरून २००० वर येतं, कुणाचं वजन मुळातच कमी असतं, कुणी व्यायामासाठी आहार वाढवतं. यांची सर्वात मोठी फसगत पहिल्या आठवड्यात होते. समजा पहिल्या आठवड्यात वजन १.२ किलो वाढलं. ५०० कॅलरी रोज वाढवल्या, म्हणजे आठवड्याच्या झाल्या ३५००. त्या सगळ्या चरबीत गेल्या असं धरलं तरी अर्ध्या किलोच्या आतच भरतं. उरलेलं पाणी, ग्लायकोजेन आणि आतड्यातलं जादा अन्न. फरक एवढाच की खाणं वाढलेलंच राहतं, म्हणून हा भाग गुरुवारी निघून जात नाही. कोठारं भरलेली राहतात आणि काट्याची नवी पातळी ठरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढ मंदावते. म्हणून पहिल्याच आठवड्यात घाबरून खाणं परत कमी करू नका. किमान तीन आठवडे तेवढंच खा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली वाढ बघून ठरवा. वजन वाढवू बघणाऱ्यांनीही पहिल्या किलोला स्नायू समजू नये. स्नायू एवढ्या वेगानं बनत नाहीत. डाएटच्या पहिल्या आठवड्यात दोन किलो झपकन उतरतात, तेही बरंचसं हेच पाणी. ते उतरताना चरबी आणि चढताना पाणी, असा सोयीचा हिशेब धरता येत नाही.

सगळ्यांचं वजन सारखं वाढतं का? मुळीच नाही. कॅनडातल्या लावाल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस, गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. सरासरी वाढ ८.१ किलो. पण सर्वात कमी वाढलेला ४.३ किलोंनी वाढला आणि सर्वात जास्त वाढलेला १३.३ किलोंनी. जोडीतले दोघे एकमेकांसारखे वाढले, म्हणजे यात जन्मजात ठेवणीचा हात मोठा. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १६ जणांना आठ आठवडे असंच रोज १००० कॅलरी जास्त खायला दिलं. कुणाची चरबी जेमतेम ३६० ग्रॅम वाढली, कुणाची ४ किलो २३० ग्रॅम. ज्यांची कमी वाढली त्यांची नकळत होणारी हालचाल वाढली होती. उभं राहणं, येरझारा, बसल्या जागी चुळबूळ. तेव्हा शेजारी बसून तेवढंच जेवणाऱ्याचं वजन का वाढत नाही, याचं दुःख करण्यात अर्थ नाही. तुलना स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करा.

७७०० कॅलरींचा आकडाही जपून वापरावा. एक-दोन आठवड्यांच्या अंदाजाला तो चालतो. वर्षाचं गणित त्यानं केलं तर चुकतं, कारण वजन वाढलं की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो आणि वाढ हळूहळू थांबत जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. खरी चरबी गाजावाजा न करता वाढते. रोज १५० कॅलरी जास्त म्हणजे दिवसाला वीसेक ग्रॅम. पाण्याच्या एका किलोच्या चढउतारात वीस ग्रॅम कुठे दिसणार? पण महिन्याला तेच अर्धा किलोच्या वर भरतं. म्हणून एका दिवसाचा आकडा घाबरवायलाही कामाचा नाही आणि धीर द्यायलाही नाही. सात दिवसांची सरासरी काढा. आपल्याच उदाहरणात शनिवारपासूनचे आकडे असे आले: ६८.२, ६९.९, ६९.३, ६८.८, ६८.४, ६८.१, ६८.०. सरासरी ६८.७. पुढच्या आठवड्याची सरासरी ६८.१ आली. म्हणजे रविवारच्या त्या उंच आकड्यानंतरही वजन उतरतंच आहे. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाण्यानं अर्धा ते दोन किलो वजन चढू शकतं, म्हणून त्यांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. नव्यानं व्यायाम सुरू करून अंग दुखत असेल तर स्नायूंत सूज असते. तिच्याबरोबरही पाणी येतं आणि काही दिवसांत ओसरतं.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, दरवेळी तेवढ्याच कपड्यांत वजन करा. संध्याकाळचं वजन सकाळपेक्षा एक-दोन किलो जास्त असणं अगदी नेहमीचं आहे. रात्रीतून श्वासावाटे आणि त्वचेवाटेच तीन-चारशे ग्रॅम जातात. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवला तर त्याच्या चार पायांतले सेन्सर नीट दबत नाहीत आणि आकडा चुकतो. काटा जागेवरून हलवला असेल तर एकदा पाय ठेवून उतरा, शून्य येऊ द्या, मग वजन घ्या. काही डिजिटल काटे थोडासाच फरक असला तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात. तपासायचं असेल तर दोन लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन उभे राहा. दोन किलोंचा फरक दिसला की काटा ठीक. काही काटे पायांतून बारीक विद्युतप्रवाह सोडून चरबीची टक्केवारी दाखवतात. तो अंदाज शरीरातल्या पाण्यावरून काढलेला असतो. भरपेट जेवणाच्या दुसऱ्या सकाळी त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा टेपनं कंबर मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून झाल्यावर, टेप न आवळता.

काही जणांनी मात्र पाण्याचं वजन म्हणून हे सोडून देऊ नये. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, आणि एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढ दिसली, पाय सुजले, आडवं पडल्यावर धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पाणी साठणं त्यांनीही होतं, पण गोळ्या मनानं बंद करू नका. बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या, फार वजन उतरलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवण देणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरून जीवावर बेतू शकतं. त्यांचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्ततपासणी करत, थोडाथोडा वाढवावा लागतो. अशा कुठल्याही कारणानं डॉक्टरांकडे जाताना मागच्या सात दिवसांचे सकाळचे आकडे तारखेसह कागदावर लिहून न्या.

नमस्कार.