नकाशावरचे ठिपके

शिकागो शहराचा हा नकाशा पाहा. यातला एकेक ठिपका म्हणजे एका मुलाचं घर. बालन्यायालयात ज्याला उभं केलं, अशा मुलाचं. गुन्हा कुठे घडला ते इथे नाही. पोरगा राहतो कुठे, तेवढंच आहे.

हे काम क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांचं. एक इंडियानाचा, दुसरा साउथ डकोटाचा. दोघांचंही बालपण शेतीवाडीत गेलेलं. एकमेकांना ओळखणारं गाव पाहिलेल्या माणसांनाच शहरात काय हरवलंय ते दिसलं असावं, असं मला वाटतं.

ठिपक्यांची दाटी शहराच्या मध्याजवळ आणि कारखान्यांलगत. बाहेर जावं तसे ते विरळ होतात. १९०० ते १९०६, १९१७ ते १९२३ आणि १९२७ ते १९३३ अशा तीन काळांच्या नोंदी त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. तोवर या वस्त्यांतली माणसं पार बदलली होती. जर्मन आणि आयरिश कुटुंबं बाहेर पडली, पोलिश आणि इटालियन आली. दाटी मात्र जिथल्या तिथे! जी कुटुंबं बाहेरच्या भागात जाऊन स्थिरावली, त्यांच्यातलं बालगुन्हेगारीचं प्रमाणही उतरलं. ‘यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य तेव्हाच संपायला हवं होतं. आजही ते सहज बोललं जातं, याचं वाईट वाटतं.

मग त्या वस्त्यांत होतं काय? गरिबी. आज आलेली, उद्या हलणारी बिऱ्हाडं. एकमेकांची भाषा न कळणारे शेजारी. अशा ठिकाणी ओळख मुरत नाही, आणि पोरांवर चार घरांची नजर राहत नाही. अभ्यासक याला सामाजिक विघटन म्हणतात.

ही नजर मोजता येते का? १९९५ मध्ये शिकागोतल्याच ३४३ वस्त्यांत ८,७८२ रहिवाशांना साधे प्रश्न विचारले गेले. शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी असतील, तर शेजारी काही बोलतील का? कुणी भिंतीवर रंग फासत असेल तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? खिडकी उघडून ‘काय चाललंय रे?’ असं कुणीतरी विचारेल, हा भरवसा जिथे होता, तिथे हिंसा कमी होती. तितक्याच गरीब वस्त्यांशी तुलना करूनही. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे मांडलं.

आता शहर सोडू. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, मग तिथे हिंसा का होते? वेन ऑसगुड आणि जेफ चेंबर्स यांनी अमेरिकेतल्या चार राज्यांमधल्या, महानगरांबाहेरच्या २६४ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, तपासल्या. २००० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात अल्पवयीनांच्या हिंसेचं नातं जुळलं ते सतत होणाऱ्या स्थलांतराशी, भिन्न समूहांच्या सरमिसळीशी आणि विस्कटलेल्या कुटुंबांशी. गरिबीशी जुळलं नाही. शहरात गरीब माणूस भाड्याच्या खोल्या बदलत फिरतो. तिथल्या गरीब ग्रामीण भागांत मात्र माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतात. हाती पैसा नसतो, पण शेजार टिकलेला असतो. आणि विस्कटलेलं कुटुंब म्हणताना एकट्या आईकडे बोट दाखवू नका. घर, कमाई आणि पोरांवरचं लक्ष एकाच माणसाला सांभाळावं लागतं, आणि मदतीला दुसरं कुणी नसतं.

एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. न्यायालयाच्या आणि अटकेच्या नोंदींत पकडली गेलेलीच मुलं येतात. पोलिसांचा वावर जिथे जास्त, तिथले ठिपकेही जास्त.

शॉ नकाशापाशी थांबले नाहीत. दक्षिण शिकागोत, पोलादाच्या कारखान्यांच्या सावलीत, रसेल स्क्वेअर नावाची पोलिश कामगारांची वस्ती होती. १९३०च्या दशकात तिथे त्यांनी काम उभं केलं आणि ते चालवायला वस्तीतलीच माणसं घेतली. चर्चच्या तळघरात मुलांचा क्लब सुरू झाला. तुरुंगातून सुटून आलेल्यांना पुन्हा वस्तीत सामावून घ्यायचं कामही शेजाऱ्यांनीच अंगावर घेतलं.