गिट बेसमध्ये का नाही? एकदाच सांगतो, ऐका

नमस्कार मंडळी! फ्रीबीएसडी, म्हणजे लिनक्ससारखीच एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, तिचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच रड चाललीय. गिट (कोडमधले बदल सांभाळणारं) बेसच्या आत का नाही, कर्ल (नेटवरून फाईल आणणारं) आत का नाही, एचटॉप (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारं) आत का नाही. एक निपाणीकर तर रोज सकाळी सहाला विचारतोय. आधी चहा तरी घ्या की वो!

बेस म्हणजे सिस्टीम टाकल्या टाकल्या हातात येतं ते. पॅकेज म्हणजे नंतर उतरवून घ्यायचं ते. माहितीच आहे, पुढे चला.

"सगळे वापरतात, मग आत हवंच." ह्या वाक्यानं माझं डोकं फिरतं. कुंदा अख्खं बेळगाव खातं, म्हणून रेशनवर मिळतो काय? विचारायचं ते हे, की ही वस्तू नसली तर बाकीच्या आणता येतील का?

डेबियन ही लिनक्सची एक जात, तिच्या 11 व्या आवृत्तीच्या वेळची गोष्ट. खानापूरकडं मामांच्या गावी, पाऊस धो धो, मामेभावाच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकत होतो. इन्स्टॉलर म्हणतोय, वायफायचं फर्मवेअर (वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर) द्या. ते कुठं आहे? नेटवर. नेट कशानं लागणार? वायफायनं! मोबाईलला रेंज शून्य. भिजत बेळगावला आलो, पेनड्राइव्हवर घेतलं, परत गेलो. मामी म्हणाल्या, "एवढ्यासाठी गेलतास होय रे? आणि कुंदा?"

ते फर्मवेअर मुक्त सॉफ्टवेअर नाही, म्हणून बाहेर ठेवलेलं. 2022 मध्ये डेबियनवाल्यांनी मतदान घेतलं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आलं. (आणि हो, त्या इन्स्टॉलरमध्ये मराठी पण आहे, कन्नड पण आहे. खाली भांडू नका.)

आता उलटं बघा. फ्रीबीएसडीत पर्ल (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) आत होतं. बाहेर पर्ल 5.6 आलं, 5.8 आलं, पण फ्रीबीएसडी 4.x मालिकेच्या बेसमधलं पर्ल 5.005 वरच बसून राहिलं. कारण आत घेतलेली वस्तू मधेच बदलली की तिच्यावर चालणारं दुसरं काहीतरी मोडतं. शेवटी 2003 च्या फ्रीबीएसडी 5.0 मध्ये पर्लला बाहेर काढलं. गिट आत घ्या म्हणणाऱ्यांनो, तुम्हाला तसलं शिळं गिट पाहिजे काय?

"मग ओपनबीएसडी ह्या भावकीतल्या सिस्टीममध्ये पर्ल अजून आत कसं?" शाबास, हा प्रश्न चांगला. तिथं पॅकेज उतरवायचं टूलच पर्लमध्ये लिहिलंय! पर्ल काढलं तर पॅकेज कशानं आणणार? प्रश्न तोच, उत्तर उलटं.

अजून पटलं नसेल तर फ्रीबीएसडीतलं रेस्क्यू फोल्डर उघडा. त्यातली टूल्स एकाही शेअर्ड लायब्ररीवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडवर) अवलंबून नाहीत. लायब्ररी मोडली तर पॅकेज उतरवणारा पॅकेज मॅनेजरही बसला, मग दुरुस्ती कशानं करणार? म्हणून व्हीआय हा साधा एडिटर तिथं आहे. तुमचा आवडता रंगीत एडिटर नाही. कितीही लाडका असू दे.

आणि गंमत सांगू? फ्रीबीएसडीच्या बेसमध्ये आख्खा पॅकेज मॅनेजरसुद्धा नाही. खरा पॅकेज मॅनेजर उतरवून आणणारा एक छोटा प्रोग्रॅम तेवढा आहे. चूल पेटवायला काडेपेटी.

तर निपाणीकर, टर्मिनल उघडा, रूट (सगळे हक्क असलेला युजर) व्हा, 'पीकेजी इन्स्टॉल गिट' टाका. पहिल्यांदा विचारेल, पॅकेज मॅनेजर उतरवू का? वाय दाबा. मग गिटसाठी विचारेल, परत वाय. आणि उद्या सकाळी सहाला मला उठवू नका.