पाटावरची नजर

(पत्र्यावर पाऊस. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा.)

बेळगावात, शहापूरच्या एका बोळात, श्रावणातला पाऊस पत्र्यावर असा वाजतो की आत बोललेलं ऐकू येत नाही. इथं गणपती घडवणाऱ्या काकांचं त्यानं अडत नाही. आखणीच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याच्या, दिवसांत ते फारसं बोलतच नाहीत.

(हात. माती.)

आधी हे हात बघा. शाडू भिजवलेली, चाळलेली, तिच्यात पिंजलेला कापूस. कापसानं माती धरून राहते. घाई केली, उन्हात ठेवली, की तडकते. म्हणून सावलीत, आणि या दमट हवेत दिवसच्या दिवस. प्लास्टर अर्ध्या तासात घट्ट होतं. शाडू थांबायला लावते. अंगाला काका साचा वापरतात, ते लपवत नाहीत. सोंड, कान, बोटं मात्र हातानं. बोटांच्या टोकाला पाणी लावून सोंडेचं वळण ते पुन्हा पुन्हा फिरवतात. हे आम्ही पाऊण तास बघत बसलो होतो.

या गावात चित्रकलेला मान आहे. के. बी. कुलकर्णींनी इथं विद्यार्थी घडवले, रवी परांजपे त्यांतलेच. काका कुठल्या वर्गात बसले नाहीत. त्यांची शाळा वडिलांच्या शेजारची चार फूट जागा. "काय बघूलालास? बस की हितं, रंग कालव." शिक्षण सुरू झालं ते असं.

(भिंतीला टेकवलेले पाट.)

माणसं आपापल्या घरचा पाट आणून देतात, गणपती त्याच्यावरच घरी जातो. खडूनं लिहिलेली नावं वाचा. काही मराठीत, काही कन्नडमध्ये. पाट घेताना काकांचा प्रश्न एकच: बसवणार कुठं?

खाली चौरंगावर असेल तर बुबुळ मध्यावर. कोनाड्यात, डोक्याच्या वर असेल तर किंचित खाली. मंडळाच्या उंच मूर्तीची नजर आणखी खाली. समोर हात जोडून बसलेल्या माणसाकडं गणपतीनं बघितलं पाहिजे. कला कशासाठी, असं विचारल्यावर काकांनी हे सांगितलं. तेव्हा वाटलं, त्यांनी प्रश्न टाळला.

(झिरो नंबरचा ब्रश. डोळा.)

पाश, अंकुश, मोदक, मोडलेला दात. सगळं आधीच ठरलेलं. यात नवीन काय करणार? काका डोळ्याकडं बोट दाखवतात. एवढीच जागा माझी, म्हणतात.

मन ठिकाणावर नसेल तर ते ब्रश धरत नाहीत. काकू दवाखान्यात होत्या त्या श्रावणात इलाज नव्हता, पाट येऊन पडले होते. रात्री परत येऊन आखणीला बसायचे. एका मूर्तीचे डोळे तीनदा पुसले. रेघ चुकली नव्हती. आपलं दुःख दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायचं, म्हणून पुसले. हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही, आणि आम्हीही कॅमेरा हातांवरच ठेवला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई आहे. बाजारात प्लास्टर तरीही दिसतं, आणि काकांकडचे पाट दरवर्षी कमी होताहेत.

यातल्या कितीतरी मूर्ती दीड दिवसात कपिलेश्वर तलावात विरघळतील. त्याचं वाईट वाटतं का? काका हसले. माती माझी कधी होती, म्हणाले, आणि ब्रश धुतला.

(शेवटचा पाट.)

हा सगळ्यात लहान. नाव कन्नडमध्ये, एका शिंप्याचं. गणपती दुकानात बसणार, मशीनच्या वरच्या फळीवर. काका खाली मांडी घालून बसतात, शिंपी मशीनवर वाकतो तसे वाकतात, आणि मान तिरपी करून वर बघतात. मग उठून बुबुळ केसभर खाली घेतात.

(निवेदन थांबतं. फक्त पाऊस.)