तुमचं काम काय?

श्रोतेहो, नमस्कार.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या मोडेना शहरात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. त्यांच्या घराचा शौचकूप उपसणारा मजूर जिवाच्या आकांतानं हात चालवताना त्यांनी पाहिला आणि विचारलं, एवढी घाई का? तो म्हणाला, इथं चार तासांहून जास्त थांबलं तर डोळे जातात. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले. लाल, निस्तेज. मग त्यांच्या ध्यानात आलं की गावातले कितीतरी आंधळे भिकारी पूर्वी हेच काम करत होते.

तिथून ते कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन बसू लागले. कुंभारांना झिलईतलं शिसं बाधतं, व्हेनिसच्या आरसेवाल्यांना पारा बाधतो, हे त्यांनी लिहून ठेवलं. अळशी-भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला नोंदवला, दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनाचा आखडलेला हातही. १७०० साली त्यांचा ग्रंथ आला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत त्यांनी एकाची भर घातली: तुमचं काम काय? माझ्या मते वैद्यकातला इतका माणुसकीचा प्रश्न दुसरा नाही.

आपल्या इंदुरात मालवा मिल, परदेशीपुरा भागात घरटी एक तरी गिरणी कामगार असायचा. कापसाच्या बारीक धुळीनं बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत जरा बरं वाटतं. वर्षं सरतात तसा हा त्रास रोजचाच होऊन बसतो. कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरण्याच्या खात्यात धूळ सर्वांत जास्त. घरी मात्र त्याला बिडीचा खोकला म्हणून सोडून देत.

आणि मंदसौर! इथून सुमारे २०० किलोमीटर. आपण पाटीवर ज्या पेन्सिलीनं अक्षरं गिरवली, ती तिथल्या दगडातून करवतीनं कापली जायची. यंत्राच्या करवती आल्या तशी धूळ वाढली. त्या धुळीतली सिलिका, म्हणजे दगडातलं एक खनिज, फुप्फुसात रुतते आणि फुप्फुस दगडासारखं कडक करते. हा सिलिकोसिस. तपासलेल्या कामगारांत अर्ध्याहून अधिकांना तो निघाला. कित्येक जण ऐन तारुण्यात गेले. मुलांच्या हाती अक्षर देणाऱ्यांची ही गत व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर गुजरातेत दगड दळण्याच्या कामाला गेले, तेही हाच आजार घेऊन परतले. एक्सरेत तो क्षयासारखा दिसू शकतो, म्हणून क्षयाचीच औषधं चालू राहतात. काम सोडल्यावरही तो वाढत जातो.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात बिसिनोसिस आणि सिलिकोसिस हे दोन्ही आजार नोंदले होते. कारखान्यातल्या कामगाराला असा आजार आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं सरकारी निरीक्षकांना कळवायचं असतं. म्हणून घरातल्या कोणाला जुना खोकला असेल, तर डॉक्टरांना सांगा: कोणत्या खात्यात, किती वर्षं, धूळ कशाची. काम सुटून वीस वर्षं झाली असली, तरी सांगा.